वेदनाशमन आणि उपशामक सेवा : साठ वर्षांच्या संशोधनाचा मागोवा

सुट्टी संपवून वसतिगृहात परतणारी मुले घरच्या बातम्या सोबत घेऊन येतात. कोणाच्या बहिणीचे लग्न ठरलेले असते, कोणाच्या शेतात यंदा सोयाबीन बरे पिकलेले असते. काही वर्षांपूर्वी इयत्ता नववीतला एक विद्यार्थी परतला, तो मात्र गप्प होता. त्याच्या आजीला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला होता. शहरातल्या रुग्णालयाने ‘आता काही करता येणार नाही, घरी घेऊन जा’ असे सांगून तिला परत पाठवले होते. घरी आणल्यापासून ती रात्ररात्र कण्हत होती. अभ्यासाच्या तासाला त्याने आम्हाला विचारले, “सर, काही करता येणार नाही म्हणजे दुखणंसुद्धा थांबवता येत नाही का?”

त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही चौकशी केली, वाचन केले, जाणकारांना विचारले. उत्तर हाती आले तेव्हा आजी निवर्तली होती. विद्यालयाच्या स्मरणिकेत अशा विषयाला जागा द्यावी की नाही, असा प्रश्न संपादक मंडळात निघाला होता. परंतु या स्मरणिकेचे वाचक असलेले आमचे माजी विद्यार्थी आज कोणी परिचारिका आहेत, कोणी औषधविक्रेते, कोणी आशा सेविका, कोणी शिक्षक. आणि प्रत्येकाच्या घरी वृद्ध माणसे आहेत. ते उशिरा सापडलेले उत्तर त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचावे, एवढाच या लेखाचा हेतू.

सेवेचा उगम

रोग बरा करणे शक्य असो वा नसो, रुग्णाची वेदना, धाप, मळमळ, निद्रानाश, भीती आणि कुटुंबाची ओढाताण कमी करणाऱ्या सेवेला ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणतात. मराठीत तिला उपशामक किंवा परिहारक सेवा असे म्हटले जाते. तिचा आधुनिक इतिहास सिसिली साँडर्स या इंग्लिश बाईंपासून सुरू होतो. त्या प्रथम परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडून त्या वैद्यकीय समाजसेविका झाल्या. १९४८ साली डेव्हिड तास्मा नावाच्या एका पोलिश निर्वासित रुग्णाशी त्यांचा स्नेह जडला. मरताना त्याने आपली पाचशे पौंडांची पुंजी त्यांच्या भावी कार्यासाठी ठेवली. मरणासन्न रुग्णांची दुःखे डॉक्टरच ऐकत नाहीत, तेव्हा आपणच डॉक्टर व्हावे, असे ठरवून त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले व १९५७ साली पदवी मिळवली. १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. रुग्णसेवा, शिक्षण आणि संशोधन या तिन्ही गोष्टी एकाच छताखाली आणणारी ही संस्था पुढे जगभर अनुकरणीय ठरली.

साँडर्स यांनी दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, वेदनाशामक औषध रुग्ण विव्हळू लागल्यावर देण्याऐवजी घड्याळ लावून, वेदना परत येण्याआधीच द्यावे. दुसरी, माणसाची वेदना केवळ शरीराची नसते. हाड दुखत असते, त्याच वेळी ‘माझ्यामागे मुलांचे काय होईल’ ही चिंता, उपचारासाठी काढलेल्या कर्जाची लाज आणि ‘माझ्याच वाट्याला हे का’ हा प्रश्नही दुखत असतो. शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशा या चार अंगांच्या दुःखाला त्यांनी ‘समग्र वेदना’ म्हटले. पुढच्या सहा दशकांतले बहुतेक संशोधन या दोन सूत्रांचा विस्तार आहे.

वेदनेचे स्वरूप

पायाला ठेच लागली की आपण नकळत तो भाग चोळू लागतो आणि थोडे बरे वाटते. असे का होते, याचे शास्त्रीय उत्तर १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी सुचवले. जखमेतून निघालेला संदेश सरळ मेंदूत जात नाही. मेरुरज्जूमध्ये त्याच्या वाटेवर जणू एक फाटक असते. स्पर्शाचे संदेश ते फाटक काहीसे लोटून घेतात. मेंदूकडून खाली येणारे संदेशही ते उघडतात किंवा मिटतात. या सिद्धांताचे तपशील नंतर पुष्कळ बदलले. पण भीती, एकटेपणा आणि निद्रानाश यांनी वेदना खरोखरच वाढते, तर विश्वास आणि सोबत यांनी ती खरोखरच घटते, या अनुभवाला त्याने शास्त्रीय अधिष्ठान दिले.

येथे आमच्या वाचकांना एक गोष्ट सहज आठवेल. मराठीत ‘वेदना’ म्हणजे दुखणे. परंतु पालीमध्ये वेदना या शब्दात सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशी प्रत्येक संवेदना येते. शरीरात उठणारी संवेदना वेगळी आणि तिच्याभोवती मनाने उभारलेला आकांत वेगळा, हा भेद जुना आहे. १९७९ साली अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी सजगतेवर आधारलेला एक अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हापासून या भेदाचा रुग्णालयांतही अभ्यास होत आहे. मात्र येथे एक सावधगिरी हवी. हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णाला औषधाविना ‘मन शांत ठेव’ असे सांगणे ही करुणा नव्हे. आधी औषधाने वेदना आटोक्यात आणावी, मग मनाला आधार द्यावा, हाच क्रम योग्य आहे.

ज्याला बोलता येत नाही त्याच्या वेदनेचे काय, या प्रश्नाने संशोधनाला मोठे वळण दिले. १९८०च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात अर्भकांवर अत्यल्प भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. त्यांची चेतासंस्था अपक्व असल्याने त्यांना वेदना जाणवत नाही, अशी समजूत होती. १९८७ साली ऑक्सफर्डमध्ये काम करणाऱ्या कन्वलजीत सिंग आनंद या भारतीय डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकाली जन्मलेल्या बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या वेळी पुरेसे वेदनाशामक मिळालेल्या बालकांच्या शरीरावरचा ताण कमी होता आणि नंतरची गुंतागुंतही कमी झाली. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ सालची आपली व्याख्या २०२० साली सुधारली, तेव्हा दोन गोष्टी स्पष्टपणे नोंदवल्या : आपल्या वेदनेविषयी माणूस जे सांगतो त्याचा आदर राखला पाहिजे, आणि सांगता येत नाही म्हणून वेदना नाही असे ठरत नाही.

म्हणूनच आज वेदना ‘मोजली’ जाते. रुग्णाला विचारतात, शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही आणि दहा म्हणजे याहून अधिक दुखणे कल्पनेतही नाही, तर तुमचे दुखणे किती? लहान मुलांना हसऱ्यापासून रडक्यापर्यंतच्या चेहऱ्यांची चित्रे दाखवतात. अगदी लहान बाळाचा चेहरा, पायांची हालचाल, एकूण चळवळ, रडणे आणि जवळ घेतल्यावर शांत होणे या पाच खुणा पाहून अंक देतात. हे साधन खर्चाचे नाही; कोणत्याही घरात वहीच्या पानावर ते वापरता येते.

मॉर्फिन : भीती आणि वस्तुस्थिती

अफूपासून मॉर्फिन वेगळे काढण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रीड्रिख झेर्ट्युर्नर या जर्मन औषधनिर्मात्याने केले. तीव्र वेदनेवर आजही ते एक प्रमुख औषध आहे. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी मांडली : सौम्य वेदनेला पॅरासिटामॉलसारखी औषधे, मध्यम वेदनेला कोडीनसारखी सौम्य अफूजन्य औषधे आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन. औषध शक्यतो तोंडाने, ठरलेल्या वेळी आणि त्या त्या रुग्णाच्या गरजेप्रमाणे द्यावे, हे नियमही तिच्यासोबत आले. या साध्या मांडणीमुळे छोट्या गावातल्या डॉक्टरालाही दिशा मिळाली.

शिडीवर पुढे प्रश्नही उपस्थित झाले. मधली पायरी खरोखर आवश्यक आहे का? इटलीत २४० रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यम वेदनेच्या काही रुग्णांना मधल्या पायरीची औषधे, तर काहींना थेट अल्प मात्रेत मॉर्फिन दिले. मॉर्फिन मिळालेल्यांपैकी अधिक रुग्णांना अधिक लवकर आराम पडला आणि दुष्परिणाम वाढले नाहीत. मुलांसाठी तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ सालीच दोनच पायऱ्या ठेवल्या होत्या. २०१८च्या मार्गदर्शनात शिडीला काटेकोर नियमाऐवजी शिकवण्याचे एक साधन मानले गेले.

मॉर्फिनविषयी आपल्याकडे तीन भीती आढळतात. पहिली, ‘सवय लागेल’. वेदनेसाठी योग्य मात्रेत, देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनची शरीराला सवय होते, म्हणून ते एकदम बंद न करता हळूहळू कमी करतात. पण नशेसाठी औषधाच्या मागे लागणे ही वेगळी अवस्था आहे आणि कर्करोगाच्या रुग्णांत ती क्वचित दिसते. दुसरी, ‘मॉर्फिन म्हणजे शेवट जवळ आला’. वास्तविक मॉर्फिन वेदनेच्या तीव्रतेवरून ठरते, उरलेल्या दिवसांवरून नव्हे. कित्येक रुग्ण ते घेऊन महिनोन्‌महिने हिंडतात-फिरतात. तिसरी, ‘श्वास बंद पडेल’. अल्प मात्रेने आरंभ करून ती क्रमाने वाढवली, तर हा धोका फारच कमी राहतो. मात्र मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी; एकाचे औषध दुसऱ्याला कधीही देऊ नये. बद्धकोष्ठता हा मॉर्फिनचा हमखास दुष्परिणाम आहे, म्हणून त्यासोबत पोट साफ ठेवणारे औषध पहिल्या दिवसापासून लागते.

आपल्या देशाची कथा येथे विलक्षण आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांत सरकारी परवान्याने अफूची शेती होते. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. भारतातून अफू परदेशी औषधनिर्मात्यांकडे जाते. तरीही आपल्याच गावातल्या रुग्णाला मॉर्फिनची गोळी मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर राज्याराज्यांचे निरनिराळे नियम आणि अनेक परवाने आले. रुग्णालयांनी आणि औषधविक्रेत्यांनी कटकट नको म्हणून मॉर्फिन ठेवणेच सोडले. त्यानंतरच्या काळात डॉक्टरांच्या पिढ्याच ते न हाताळता शिकून बाहेर पडल्या. अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा वेगळा वर्ग निर्माण झाला आणि त्यांच्यासाठी देशभर एकसारखे नियम आले. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला आता अनेक परवान्यांची गरज नाही. कायदा बदलला, सवय आणि भीती बदलणे बाकी आहे.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अमेरिकेत १९९०च्या दशकापासून कर्करोग नसलेल्या जुनाट दुखण्यांसाठीही तीव्र अफूजन्य औषधांचा आक्रमक प्रचार झाला आणि त्यातून व्यसनाचे व मृत्यूंचे मोठे संकट उभे राहिले. नियंत्रण निष्काळजी असेल तर औषध घात करते. नियंत्रण आंधळे असेल तर वेदना घात करते. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने मांडलेला हिशेब या असमतोलावर बोट ठेवतो : जगात वर्षाला वाटल्या जाणाऱ्या सुमारे २९८.५ टन मॉर्फिनतुल्य औषधांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला अवघे ०.१ टन येते.

संशोधनाचे आजचे प्रवाह

पहिला प्रवाह ‘केव्हा’ या प्रश्नाचा आहे. उपशामक सेवा म्हणजे शेवटच्या आठवड्याची गोष्ट, हा समज २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने हादरवला. जेनिफर टेमेल व सहकाऱ्यांनी शरीरात पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याच उपचारांसोबत आरंभापासून उपशामक सेवा. दुसऱ्या गटातील रुग्णांचे जीवनमान चांगले राहिले, नैराश्य कमी झाले, अखेरच्या काळातले आक्रमक उपचारही कमी झाले. आणि तरीही त्यांचे मध्यक आयुर्मान ८.९ ऐवजी ११.६ महिने भरले. या अभ्यासानंतर निदानापासूनच दोन्ही उपचार हातात हात घालून चालावेत, ही भूमिका बळावली.

दुसरा प्रवाह ‘कमीत अधिक’ करण्याचा. हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनेवर किरणोपचार देतात. साध्या, गुंतागुंत नसलेल्या दुखण्यात अनेक दिवसांच्या अनेक मात्रांइतकाच आराम एका मोठ्या मात्रेने मिळतो, हे वारंवार सिद्ध झाले आहे; पुढे काहींना ती पुन्हा द्यावी लागते, इतकेच. शंभर किलोमीटरवरून एसटीने येणाऱ्या, मजुरी बुडवून सोबत येणाऱ्या मुलाच्या आधारावर असलेल्या रुग्णासाठी हा निष्कर्ष किती मोलाचा आहे! तसाच धापेचा प्रश्न. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात, रक्तातील प्राणवायू पुरेसा असूनही धाप लागणाऱ्या २३९ रुग्णांपैकी काहींना नळीतून प्राणवायू व काहींना साधी हवा दिली. दोहोंचा उपयोग सारखाच झाला. अशा रुग्णाच्या चेहऱ्यावर लहान पंख्याचा झोत सोडल्यास बरे वाटते, हेही अभ्यासातून पुढे आले. महागडा सिलिंडर घरी आणण्यासाठी दागिना गहाण टाकण्यापूर्वी डॉक्टरांना हा प्रश्न अवश्य विचारावा.

तिसरा प्रवाह नव्या औषधांचा. मिरची जिभेला का भाजते, या कुतूहलातून डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली उष्णता आणि दाह जाणणारा चेतातंतूंवरील ग्राही शोधला. २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. पाकिस्तानातील काही कुटुंबांत जन्मतः वेदनाच न जाणवणारी मुले आढळली. २००६ साली त्यांच्या जनुकांच्या अभ्यासातून वेदनेचा संदेश वाहून नेणाऱ्या एका सोडियम वाहिनीचे महत्त्व उघड झाले. अशाच दुसऱ्या वाहिनीला रोखणारे सुझेट्रिजीन हे अफूशी संबंध नसलेले औषध जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत तात्कालिक वेदनेसाठी मान्य झाले. कर्करोगाच्या दीर्घ वेदनेवर त्याचा उपयोग सिद्ध व्हायचा आहे. तोवर जुने, स्वस्त मॉर्फिनच हाताशी आहे.

चौथा प्रवाह मनाचा व नात्यांचा. कॅनडातील हार्वे चोचिनोव्ह यांनी अखेरच्या काळातल्या रुग्णाला आपले आयुष्य, आपला अभिमान आणि मुलाबाळांसाठीचे सांगणे बोलून लिहवून ठेवता येईल, अशी पद्धत विकसित केली. आपले जगणे वाया गेले नाही, ही जाणीव हीसुद्धा सेवेचा भाग मानली जाऊ लागली.

सेवा दारापर्यंत कशी येईल?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना उपशामक सेवेची गरज असते आणि त्यांपैकी केवळ १४ टक्क्यांच्या आसपास लोकांना ती मिळते. भारतातले पहिले हॉस्पिस १९८६ साली आपल्याच राज्यात, मुंबईतील वांद्रे येथे ‘शांती अवेदना सदन’ या नावाने सुरू झाले. पुण्यात १९९७ पासून सिप्ला उपशामक सेवा केंद्र काम करते. टाटा स्मारक रुग्णालयातही या सेवेचा स्वतंत्र विभाग आहे.

तथापि संस्थेच्या भिंतींबाहेर ही सेवा कशी नेता येते, हे केरळने दाखवले. १९९३ साली कोळिकोडे येथे डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आदींनी वेदना व उपशामक सेवा संस्था उभारली. पुढे या शतकाच्या आरंभी मलप्पुरम आणि आसपासच्या भागांत शेजाऱ्यांचे जाळे विणले गेले. प्रशिक्षित स्वयंसेवक, परिचारिका आणि डॉक्टर घरोघरी जाऊ लागले. जखमेची मलमपट्टी, औषध, धान्य, मुलांचे शिक्षण अशा गरजा गावानेच उचलल्या. २००८ साली केरळ सरकारने यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ साली आला. केरळचा अनुभव सांगतो की डॉक्टर थोडे असले तरी शेजार जागा असेल, तर रुग्ण एकटा पडत नाही.

आपण काय करू शकतो

घरात असा रुग्ण असेल तर वेदनेचा अंक सकाळ-संध्याकाळ वहीत लिहावा आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. ‘दुखतं’ एवढ्याने जे कळत नाही ते ‘रात्री दोनला आठ, औषधानंतर चार’ याने कळते. औषध ठरल्या वेळी द्यावे. दुखेपर्यंत थांबू नये. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन-तीन तासांनी बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. जिल्हा रुग्णालयात उपशामक सेवेची आणि मॉर्फिनची चौकशी नावानिशी करावी. रात्रंदिवस सेवा करणारी व्यक्ती बहुधा घरातली सून किंवा मुलगी असते. तिला झोप मिळेल अशी पाळी घरातल्या इतरांनी लावावी. आणि मुलांपासून सत्य लपवू नये. त्यांना ते कळतच असते. फक्त ते एकटे राहून कळते.

त्या विद्यार्थ्याला आम्ही हे सारे त्याच्या दहावीच्या निरोपसमारंभानंतर सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी एवढेच म्हणाला, “म्हणजे आजीचं दुखणं थांबवता आलं असतं.” आम्ही हो म्हणालो. ते ‘हो’ म्हणणे आम्हाला जड गेले. पण खोटे सांगणे त्याहून जड गेले असते.

रोग कधी कधी आपल्या हाताबाहेर जातो, आणि तसे रुग्णाला व कुटुंबाला सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्यही आहे. परंतु ‘आता काही करता येणार नाही’ हे वाक्य साठ वर्षांच्या संशोधनानंतर कोणाच्याही तोंडी शोभत नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी जे पांढरा कोट घालतील, ज्या परिचारिकेचा गणवेश घालतील, जे औषधाच्या दुकानात उभे राहतील, त्यांनी त्या वाक्याच्या जागी दुसरे वाक्य शिकावे : ‘रोग बरा होणार नाही, पण तुमचे दुखणे कमी करू आणि तुम्हाला एकटे सोडणार नाही.’ एवढे जरी या विद्यालयातून बाहेर पडलेल्या एखाद्याने एका घरी जाऊन म्हटले, तरी नववीतल्या त्या मुलाच्या प्रश्नाचे आमच्यावरचे ऋण थोडे फिटेल.